दाजींची मोटार आणि प्रसादाची ओंजळ

आनंदरावांची जुनी मोटार नवा रंग लेवून अंगणात उभी राहिली, नि त्यांच्या धाकट्या मेहुणीच्या, हौसाच्या, पोटात दुखू लागलं. तसलीच जुनी मोटार तिच्याही घरी दुरुस्तीला काढली होती. पण तिचा मिस्त्री अजून दारांच्या फटीच मोजत बसला होता. "सांगाडा सरळ आहे का ते न बघता गंज कापला, तर मोटार खचते नि दारं बसत नाहीत," म्हणायचा.

मोटारीच्या पूजेला आलेल्या पाहुण्यांपुढं आनंदराव तिच्या दाराला हात टेकून ऐटीत म्हणाले, "आम्ही गंज कापला, पत्रा जोडला, मोकळे झालो! तुम्ही बसा मापं घेत!"

आनंदरावांची बायको, हौसाची आक्का, तोंडाला पदर लावून हसली. हौसा जळून कोळसा झाली. पण दाजी तो हात सकाळपासून काढतच नाहीत, हे तिनं हेरलं.

ती प्रसादाचा शिरा घेऊन पुढं झाली. "दाजी, पहिला मान तुमचा. पण देवाचा प्रसाद एका हातानं घेत नाहीत, ओंजळ करा."

सगळे बघत होते. आनंदरावांनी हात काढला, तसं दार करकरत उघडलं नि लोंबत राहिलं.

"आम्ही मापंच घेत बसतो, दाजी," हौसा म्हणाली. "दार धरून उभं राहायला आमच्या घरात रिकामा माणूस नाही!"