डोंगरावरचे नऊ शेजारी

डोंगराच्या पायथ्याशी एक जंगल होते आणि त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अशा त्या गर्दीत एक ससा राहत असे. राहत असे म्हणजे दिवसभर कुरकुरत असे. मुलांनो, कुरकुरणारी माणसे तुम्ही पाहिली असतील; हा ससा त्यांची शिकवणी घेऊ शकला असता. त्याच्या बिळाच्या डाव्या हाताला साळिंदर, उजव्या हाताला मुंगूस आणि डोक्यावरच्या फांदीत खार. सकाळी ससा बाहेर आला की खार विचारी, "काल दोनदा शिंकलात, काढा घेतला का?" साळिंदर म्हणे, "आज उशीर झाला उठायला, तब्येत बरी आहे ना?" ही बातमी टिटवी पाणवठ्यावर नेई आणि दुपारपर्यंत ज्याच्याशी त्याची ओळखही नाही असे हरीणसुद्धा विचारी, "शिंका थांबल्या का?"

"माझी शिंकसुद्धा माझी राहिली नाही," ससा आपल्या सशिणीला म्हणे. सशीण ऐकून घेई. तिचे दिवस भरत आले होते आणि नवऱ्याची कुरकुर तिला पावसाच्या रिपरिपीइतकी सवयीची झाली होती.

दर थंडीत तळ्यावर एक चक्रवाक पक्षी उतरे. उन्हाळाभर तो वरच्या डोंगरात राही आणि थंडी पडू लागली की खाली येई. सशाचे गाऱ्हाणे ऐकून तो मागच्या थंडीत म्हणाला होता, "मग वर जाऊन राहा की. हवा थंडगार, पाणी काचेसारखे. गोचीड नाही, डास नाही. गवत इतके की खाणारे कमी पडतात. तयार बिळे मोकळी पडली आहेत, हवे ते निवडावे. आणि कोणी कोणाच्या भानगडीत पडत नाही. एक घर इथे, तर दुसरे हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी मी वरून उडत जातो तेव्हा एकेका घरातून आवाज येतो, बस, तेवढाच काय तो गलबला."

यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. फक्त सांगणारा तिथे कधी हिवाळ्यात राहिला नव्हता, आणि कधी खाली उतरून कोणाच्या दारात डोकावलाही नव्हता. सशाने हे त्याला विचारले नाही. आपल्याला हवे ते कोणी सांगत असले की आपण तरी कुठे विचारतो?

पाऊस सरल्यावर सशाने निघायचे ठरवले. सशिणीला नुकतीच तीन पिल्ले झाली होती. ती म्हणाली, "तुम्ही पुढे जा, जागा बघा. बरी वाटली तर निरोप पाठवा. पिल्लांच्या पायांत जोर आला की आम्ही मागून येऊ." खारीने वाटेत खायला मुळे बांधून दिली आणि एकोणीस प्रश्न विचारले. ससा एकाचेही उत्तर न देता निघाला.

तीन दिवस चढून तो वर पोहोचला. चक्रवाक म्हणाला होता तसेच सगळे होते. आभाळ मोठे, गवत गुडघाभर आणि उतारावर खालून वर ओळीने दहा बिळे, एकमेकांपासून दूर दूर. पक्षीसुद्धा ओरडत नव्हते. ससा पहिल्या बिळाच्या तोंडाशी उभा राहिला, तर आत काळोख होता आणि त्या काळोखातून एक जाडसर आवाज आला, "आलात? बरे झाले. सर्वांत वरचे, दहावे घर मोकळे आहे. ते घ्या."

"आधी तिथे कोण राहत होते?" सशाने विचारले.

"होते कोणीतरी. इथे असले प्रश्न कोणी विचारत नाही," आवाज म्हणाला. "इथली रीत एकच. दिवस मावळताना प्रत्येकाने आपल्या घरातून हाक द्यायची, 'अमक्या घरी मी आहे, बरा आहे.' म्हणजे सगळे आहेत हे सगळ्यांना कळते. मग कोणी कोणाच्या दारात जायचे कारण उरत नाही. आणि कोणी जातही नाही." मग आवाजाने विचारले, "एकटेच आलात?"

"मागून सशीण आणि पिल्ले येतील."

"येऊ द्या," आवाज म्हणाला. "जागा पुष्कळ आहे."

सशाला हा शेजार फार आवडला. एकच प्रश्न, तोही कामापुरता. दहाव्या बिळात कोरड्या गवताचे अंथरूण तयार होते. त्याच्या मधोमध एक खळगा होता, कोणी नुकतेच उठून गेल्यासारखा. ससा त्यात बसला तर तो अगदी त्याच्या मापाचा निघाला. ही जागा आपलीच वाट पाहत होती, असे त्याला वाटले.

संध्याकाळी खालून जाडसर हाक आली, "पहिल्या घरी मी आहे. बरा आहे." मग बराच वेळ काही नाही. मग एक बारीक आवाज, "दुसऱ्या घरी मी आहे. बरा आहे." पुन्हा शांतता. खालच्या जंगलात सगळे एकदम कलकलाट करत. इथले लोक कसे निवांतपणे, एकमेकांचे बोलणे मुरू देऊन बोलतात, याचे सशाला कौतुक वाटले. सहाव्या घरची एक म्हातारी सशीण होती. तिची हाक थरथरत येई आणि शेवटी ती हलकेच खोकत असे. नऊ हाका झाल्या की ससा आपली देई, "दहाव्या घरी मी आहे. बरा आहे." आणि पाय ताणून झोपी जाई.

दोन आठवड्यांनी चक्रवाकांचा थवा खाली निघाला तेव्हा सशाने निरोप दिला, "सशिणीला सांगा, सगळे उत्तम आहे. पिल्लांना घेऊन लगेच निघ."

मग थंडी खरोखरीची पडली. गवत काळवंडले. कान बधिर होऊ लागले. सशाच्या पुढच्या पायात काटा मोडला, तो ठसठसू लागला, आणि त्याच्या लक्षात आले की महिनाभर आपण कोणापाशी एकही तक्रार केलेली नाही. पोटात तक्रारी नुसत्या साचल्या होत्या. संध्याकाळी "बरा आहे" म्हणताना त्याचा गळा दाटून येऊ लागला. काटा कोणाला दाखवावा? त्याला सहाव्या घरची म्हातारी आठवली. इतके दिवस तिचा खोकला ऐकून त्याने मनात तिची पांढरी मिशी, तिची चूल, तिचे प्रेमळ बोलणे, सगळे रचून ठेवले होते. रीत मोडेल, मोडू दे, असे म्हणून एके दिवशी उन्हे कलताना तो लंगडत खाली निघाला. बर्फ भुरभुरत होता आणि उमटलेले पाऊल लगेच बुजत होते.

सहाव्या घराच्या दारातून मानभर आत कोळ्याचे जाळे होते. त्यावर हिमाचे कण साचून ते पांढरे झाले होते. "आजी," सशाने हाक मारली. मग जाळे बाजूला करून तो आत गेला. अंथरूण बर्फासारखे गार होते. कोपऱ्यात पांढऱ्या केसांचा पुंजका पडला होता, आणि त्यावर धूळ होती. एका दिवसाची नव्हे, एका ऋतूची.

पण काल संध्याकाळी तर ती खोकली होती.

कोणाला तरी सांगायला हवे म्हणून तो धावत पाचव्या घरी गेला. तेही रिकामे. तेवढ्यात दिवस मावळला आणि खालून जाडसर हाक आली, "पहिल्या घरी मी आहे. बरा आहे." ससा जवळच्या खडकाआड दबून बसला. दुसरी हाक आली. तिसरी आली. प्रत्येक हाक आधीच्या हाकेपेक्षा जवळून येत होती. चौथीनंतर पांढऱ्या उतारावर काहीतरी हलले, आणि एक कोल्हा सावकाश चालत पाचव्या घरापाशी आला. रोजचे काम करणाऱ्याला घाई नसते, तसा तो आला. त्याने त्या रिकाम्या बिळात मान घातली. शेपूट बाहेर राहिले. आतून आवाज आला, "पाचव्या घरी मी आहे. बरा आहे." मग तो सहाव्या घरी गेला, आत वाकला, आणि म्हातारीच्या थरथरत्या आवाजात म्हणाला, "सहाव्या घरी मी आहे. बरी आहे." शेवटी तो हलकेच खोकला.

वारा कोल्ह्याकडून सशाकडे वाहत होता म्हणून ससा वाचला. तो तसाच थिजून बसला. सातवी हाक झाली. आठवी झाली. नववी झाली. आता पाळी दहाव्या घराची, म्हणजे त्याची स्वतःची. वर कोल्हा त्याच्या दारात बसून वाट पाहत होता. आतून हाक येईना. कोल्ह्याने कान टवकारले, बिळात नाक घालून पाहिले. मग त्याने मान आत घातली, आणि सगळ्या डोंगरावर सशाला आपला स्वतःचा आवाज ऐकू आला, "दहाव्या घरी मी आहे. बरा आहे."

तो आवाज हुबेहूब होता. गळा दाटल्याचेसुद्धा त्यात होते. महिनाभर कोणीतरी दाराबाहेर बसून तो घोकत होते.

सशाला प्रथम वाटले, आता फसवायला डोंगरावर उरले आहे कोण? मग हाक कोणासाठी? आणि त्याच क्षणी त्याला आपला निरोप आठवला. पायातला काटा विसरून तो उतारावरून सुटला. कानांत वाऱ्याखेरीज काही ऐकू येत नव्हते.

घरांच्या खालच्या पहिल्याच वळणावर, एका मोठ्या दगडापाशी सशीण उभी होती. तिन्ही पिल्ले तिच्या पोटाशी बिलगली होती. ससा समोर येऊन कोसळला तेव्हा थोरले पिल्लू मागे सरकले आणि म्हणाले, "हे बाबा नाहीत. बाबा वर आहेत, आत्ताच बोलले."

"वर जाऊ नकोस," ससा कसाबसा म्हणाला. "वर कोणी नाही. सगळे आवाज एकाचेच आहेत." त्याच्या पायातून रक्त येत होते, आणि त्याला वाटले, आता हिचा विश्वास बसला नाही तर सगळे संपले.

सशिणीने त्याच्या तोंडाचा, कानांचा वास घेतला. मग त्याचा दुखरा पाय उचलून पाहिला. "किती दिवस आहे हा काटा?" तिने विचारले.

"आठ दिवस. चालवत नाही. झोप येत नाही. आणि वरची थंडी, ती तर काही विचारू नकोस," ससा म्हणाला आणि रडू लागला.

"हेच तुमचे बाबा," सशीण पिल्लांना म्हणाली. "मी वरचा आवाज ऐकला आणि इथेच थांबले. इतक्या थंडीत हे नुसते 'बरा आहे' म्हणून गप्प बसतील, हे मला पटेना. म्हणून मी खालूनच हाक मारली, 'अहो, आम्ही आलोय, जरा खाली या.' तर उत्तरच नाही."

"तू हाक मारलीस?" सशाने विचारले. "मोठ्याने?"

ती काही बोलायच्या आत वरच्या अंधारात बर्फावर कोणीतरी थांबल्यासारखे झाले. मग एक हाक आली. स्पष्ट, मायेची, सशिणीच्या आवाजातली.

"अकराव्या घरी मी आहे. बरी आहे."

पिल्लांनी आईच्या तोंडाकडे पाहिले. ते मिटलेले होते. सशिणीने सर्वांत धाकट्याला तोंडात उचलले, बाकीच्यांना पुढे घातले, आणि मागे न पाहता ती सगळी खाली, त्या गजबजलेल्या जंगलाकडे धावत सुटली.

तात्पर्य : नव्या जागी जायची शंभर कारणे कोणी सांगितली, तरी आधीचे राहणारे कुठे गेले हे एकदा स्वतः जाऊन विचारावे. जिथे आपल्या दारात डोकावणारे कोणी नाही, तिथे आपण नाहीसे झालो तरी कोणाला कळत नाही.