कड्यावर राहिलेले जोडे

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की तेव्हा निरोपाला माणसाच्या पायांखेरीज दुसरं वाहन नव्हतं. एका डोंगरी राज्यात निरोप घेऊन धावणारे जासूद होते आणि त्यांना तयार करणारा एक म्हातारा वस्ताद होता. नव्या जासुदाच्या डोळ्यांवर तो वर्षभर पट्टी बांधी, पायांत एकपदरी चामड्याच्या पातळ वहाणा घालायला लावी आणि त्याला घाटातून पळवी. मध्येच विचारी, "पोरा, कुठं आहेस?" उत्तर पायांना विचारून द्यायचं.

"गार माती लागली तर समज, झाडी आहे, वाट आहे," वस्ताद सांगे. "उबदार कातळ लागला तर थांब. दिवसभर ऊन खाल्लेला दगड म्हणजे उघडा कडा."

त्याचा एक शिष्य शर्यतीत पहिला आला. राजाने खूश होऊन त्याला जाड तळाचे, खिळे ठोकलेले जोडे दिले. झालं! स्वारीचे पाय जमिनीवर राहीनात. वस्ताद हसून म्हणाला, "झकास आहेत. हत्तीने घातले तर त्यालाही काटा लागायचा नाही."

आश्विनातल्या एका काळ्याकुट्ट रात्री डोंगरावरच्या तलावाचा बांध तडकला. तो पहाटेपर्यंत जेमतेम टिकेल, असं राखणदार म्हणाले. खाली खोऱ्यात तीनशे घरं गाढ झोपेत होती. राजाने त्याच तरण्या जासुदाला धाडलं. निघताना वस्तादाने त्याच्या कमरेला जुन्या वहाणा बांधल्या.

"हे ओझं कशाला, वस्ताद?"

"एवढ्याशा चामड्याचं कसलं रे ओझं? जा!"

मशाल घेऊन तो धडधडत निघाला. अर्ध्या घाटात वाऱ्याने मशाल विझवली. आंधळ्यासारखी दहा पावलं टाकली आणि तो थबकला. आपण वाटेवर आहोत की नाही, तेच कळेना. पायांना विचारावं, तर जोड्यांच्या आत पाय मुके झालेले. तीनशे घरं आठवली आणि त्याला रडू फुटलं.

त्याने एक पाय जोड्यातून उपसला आणि मागे टेकवला. कातळ उबदार होता.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. जोडे तिथेच सोडून तो एकेक पाऊल मागे सरकला, गार माती लागेपर्यंत. मग त्याने वहाणा चढवल्या. आणि काय सांगू, डोंगर बोलू लागला! वाळकी पानं म्हणाली, उंबराचं वळण आलं. ओलं शेवाळ म्हणालं, झरा आला, जपून. एवढा थोरला डोंगर आपल्या तळपायांशी बोलतो आहे, या नवलाने त्याचे डोळे पुन्हा भरून आले. तो धावत राहिला.

कोंबडा आरवण्याआधी गाव टेकडीवर चढलं होतं. पहाटे पाणी आलं आणि रिकामी घरं घेऊन गेलं. पाळण्यातलं पोरसुद्धा दगावलं नाही.

सकाळी लोक घाट चढले, तेव्हा जोडे कड्यावर तसेच उभे होते. दोन्ही जोड्यांची टोकं दोन बोटं बाहेर, पोकळीवर होती. राजा स्वतः पाहायला आला. खालची खोल दरी पाहून त्याने आपल्याही पायांतले जोडे उतरवले.

जी वाट खडा टोचवते, तीच कडाही दाखवते. म्हणून तिचा स्पर्श कधी टाळू नये.