निशाण कामाला लागलं

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे होते, आणि आजारी पडले की तेही आपल्यासारखेच कण्हायचे. म्हणून एका राजाने गावाबाहेर आमराईच्या सावलीत आजाऱ्यांसाठी एक मोठं शुश्रूषागृह बांधलं.

तिथल्या सेविकांवर एक थोरल्या बाई होत्या. कडक, पण मायेच्या. रोग्याची चादर चुरगळलेली दिसली तरी त्यांच्या जिवाला चैन पडायचं नाही. दारावर एक रेशमी निशाण फडकायचं. 'या घरात चूक होत नाही' म्हणून राजाने ते दिलं होतं. ते टिकावं म्हणून बाईंनी एक नियम घातला होता. जिच्या हातून चूक होईल, तिने त्याच दिवशी गाठोडं बांधून घरी जायचं.

तेव्हापासून तिथे एकही चूक झाली नाही. निदान बाईंच्या कानावर तरी आली नाही. तुम्ही शहाणे असाल तर इथेच हसाल. बाई मात्र हसल्या नाहीत, त्यांना त्याचा अभिमान वाटायचा.

तिथे भिवरा नावाची एक सेविका होती. घरी आंधळी सासू आणि दोन लेकरं, तिघांची पोटं हिच्या एकटीच्या हातांवर. तिच्या देखरेखीत एक आजोबा होते. गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावून, म्हणजे झिजलेल्या दगडाला खाचा पाडून देणारे. त्यांचा ताप उतरत आला होता, जीभ मात्र पहिल्यापासूनच ठणठणीत होती.

"पोरी, हा काढा आहे की माझं मागच्या जन्मीचं पाप?" ते रोज विचारायचे.

"पाप तर पाप, पण प्या आजोबा," भिवरा म्हणायची.

औषधांच्या फळीवर दोन बरण्या शेजारी शेजारी असायच्या. एकाच कुंभाराच्या, एकाच मापाच्या. एकीत प्यायचा काढा. दुसरीत सांध्यांना चोळायचं औषध, आणि त्यात बचनाग, म्हणजे चक्क जहर. रंग दोन्हींचा सारखाच तपकिरी. पण सगळ्याजणींना पाठ होतं, उजवीकडचं प्यायचं आणि डावीकडचं चोळायचं.

एकदा कुणीतरी फळी पुसायला बरण्या उतरवल्या आणि परत ठेवताना त्यांची अदलाबदल झाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या घाईत भिवराने सवयीने उजवीकडची बरणी उचलली, वाटी भरली आणि आजोबांपुढे धरली.

"आज याचा वास निराळा येतोय," आजोबा म्हणाले.

"रोजचीच नाटकं तुमची. प्या गुमान."

आजोबांनी एक घोट घेतला आणि थांबले. "जिभेला मुंग्या आल्या गं," ते म्हणाले.

भिवराने वाटी हिसकावून घेतली आणि हुंगली. वास चोळायच्या औषधाचा होता.

वाटी मोरीत ओतून दिली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. म्हातारं माणूस, ताप उलटला म्हणून सांगता आलं असतं. तिच्या डोळ्यांसमोर घरची चूल आली, चुलीशी बसलेली लेकरं आली. मग समोर आजोबा दिसले. ते ओठ पुसत तिच्याकडे बघत होते, आता हीच काहीतरी करेल अशा भरवशाने. ती तशीच धावत वैद्यांकडे गेली.

"माझ्या हातून आजोबांना चोळायचं औषध पाजलं गेलं. एक घोट. आत्ताच."

वैद्य हातातलं काम टाकून उठले. लगेच उतारा दिला, उलटी करवली, आणि दिवसभर खाटेपाशी बसून राहिले. दुपारपर्यंत कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. दिवस कलताना आजोबांनी पेज मागितली, वर मीठ कमी म्हणून पेजेला नावंही ठेवली. तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

भिवरा गाठोडं घेऊन आजोबांच्या पाया पडायला आली. थोरल्या बाई खाटेपाशीच बसल्या होत्या. "नियम माझाच आहे गं," त्या म्हणाल्या. "आता तो मी मोडू कसा?"

"थोरल्या बाई, एक विचारू का?" आजोबा उशीला टेकत म्हणाले. "उद्यापासून माझ्या खाटेशी कोण येणार?"

"दुसरी कुणीतरी येईल."

"तिच्या हातून चुकलं, तर ती सांगेल? हिला गाठोडं घेऊन जाताना बघितल्यावर?"

बाईंची नजर भिवराच्या गाठोड्यावर गेली.

"मग मला हीच पाहिजे," आजोबा म्हणाले. "हिने सांगितलं, म्हणून मी पेजेला नावं ठेवायला उरलो."

बाई उठल्या. दाराशी गेल्या, चौरंगावर चढल्या आणि स्वतःच्या हाताने ते निशाण उतरवलं. मग सगळ्या सेविकांना बोलावलं. "हे उतरलं," त्या म्हणाल्या. "आता कुणी घरी जाणार नाही. त्या बरण्यांपाशी आणखी कुणाचा हात चुकला होता का, तेवढं सांगा."

 मग सगळ्यांत जुनी सेविका पुढे आली. "माझा," ती म्हणाली. "वासावरून ध्यानात आलं, म्हणून गुपचूप ओतून दिलं." तिच्या मागून दुसरी बोलली. तिसरीला तर बोलता बोलता रडूच फुटलं.

थोरल्या बाई उंबरठ्यावरच बसल्या. "म्हणजे हे आजचं नाही," त्या म्हणाल्या. "हे कधीचंच टपून बसलं होतं. आणि तुमची तोंडं मीच बांधून ठेवली होती."

भिवराने गाठोडं खाली ठेवलं. "बाई, नुसत्या पाठांतरावर भागायचं नाही. जहराच्या बरणीला जागा वेगळी द्यायची आणि तिचं तोंड बांधून टाकायचं. गाठ सोडायला हात थांबेल. हात थांबला, की डोकं जागं होईल."

"बांधायचं कशाने?" कुणीतरी विचारलं.

बाईंनी मांडीवरच्या निशाणाकडे पाहिलं आणि ते टर्रकन फाडलं.

त्या दिवसापासून जहराची प्रत्येक बरणी वेगळ्या फळीवर गेली आणि तिच्या तोंडाला रेशमाची पक्की गाठ बसली. रोज काम आटोपलं की सगळ्याजणी आमराईत बसायच्या आणि कुणाचं काय चुकता चुकता राहिलं ते सांगायच्या. जी पहिली सांगेल तिला गुळाचा खडा. आणि रोगी 'वास निराळा येतोय' म्हणाला, की आधी वाटी खाली ठेवायची, बोलायचं नंतर. आजोबा बरे होऊन घरी गेले, पण जाण्याआधी तिथल्या जात्याला टाकी लावून आणि पेजेत मीठ किती घालायचं ते शिकवून गेले.

पुढे एकदा राजा आला. दारावर निशाण दिसेना, तेव्हा त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "काय हो बाई, चूक झाली की काय?"

"झाली, महाराज. सांगितलीही. निशाण आत आहे, कामाला लागलंय."

बाईंनी राजाला फळीपाशी नेलं. राजाने एक गाठ सोडून पाहिली. सुटायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात त्याच्या सगळं ध्यानात आलं. तो हसला. "मग दारासाठी दुसरं निशाण पाठवू का?"

"पाठवा की," थोरल्या बाई म्हणाल्या. "बरण्या नव्या येतच असतात."

बाळांनो आणि बाळांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवायचं ते एवढंच: चूक सांगणाऱ्याला घराबाहेर काढलं, तर चूक तेवढी घरात राहते.