मंजिऱ्यांचा भार

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावातल्या एका सुनेला एके सकाळी आपला भोपळ्याचा मांडव फार गप्प वाटला.

वाऱ्याने पानं हलत होती, चिमण्याही होत्या, तरी काहीतरी कमी होतं. सगुणा तिचं नाव. पान पडलं तरी दचकायची, म्हणून तिने स्वतःलाच दटावलं, उगाच काहीबाही मनात आणतेस. तेवढ्यात तिला फुलामागे धरलेला लिंबाएवढा भोपळा दिसला. पिवळा पडलेला. बोट लागताच गळून हातात आला.

त्या दिवशी तीन गळले, दुसऱ्या दिवशी पाच.

सासूला ती आत्या म्हणायची. या भोपळ्याचं बी आत्याबाईंना त्यांच्या आईने लग्नात पदराला बांधून दिलेलं. दर साली एक भोपळा बियाण्याला राखायचा, असं चाळीस वर्षं चाललेलं. यंदा डब्यात उरलेलं बी उंदरांनी फस्त केलं. आता जे काही होतं ते या वेलांवरच.

“आत्या, भोपळे गळतायत.”

“पहिले गळतातच गं. तू काळजी करू नकोस. तुझा चेहरा बघून मला धडधडतं.”

पण गळलेले भोपळे ओच्यात गोळा करताना आत्याबाई एकेक फोडून आत बी धरलंय का बघत होत्या, ते सगुणाने पाहिलं.

या गावात बांधाबांधाने तुळस लावलेली. एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकायची, काढ्याला, चहाला, नैवेद्याला पानं द्यायची. आणि तिच्यावर मंजिरी दिसली की खुडायची, हा रिवाज. मंजिऱ्या वाढल्या की तुळशीच्या डोक्यावर भार होतो म्हणे. ज्या घरच्या तुळशीला मंजिऱ्या, त्या घरची सून आळशी. शेजारच्या मळ्यातली ठकूमावशी तर बांधावरून मान उंच करून बघायची. तिच्या धाकाने सगुणा मंजिरी फुलायच्या आधीच, हिरवी असतानाच खुडून टाकी.

एके दुपारी ती ओढ्यावर धुणं घेऊन चालली होती. खडकामागून एकदम घूं घूं ऐकू आलं. धुण्याची पाटी तिथेच टाकून ती पळत सुटली. पाटीसाठी मग परत यावंच लागलं. पदर तोंडाशी धरून तिने हळूच डोकावलं. खडकामागे आपसूक उगवलेली तुळस होती. तिला कुणी वाली नव्हता, म्हणून खुडणारंही कुणी नव्हतं. जांभळट मंजिऱ्यांनी ती लगडली होती आणि तिच्यावर मधमाश्यांची नुसती झुंबड उडालेली.

सगुणा लांब एका दगडावर बसून ऐकत राहिली. मांडवात हाच आवाज नव्हता. माश्या नाहीत, मग फुलं फळणार कशी?

त्या दिवसापासून तिने मंजिऱ्यांना हात लावला नाही.

“काय गं, तुळशीला जटा वाढवतेस का?” तिसऱ्या दिवशी ठकूमावशी म्हणाली. “गोसावी करायचंय तिला?”

सगुणाचे कान तापले. हात आपोआप मंजिरीकडे गेला. तिथेच थांबला. घरी येऊन तिने आत्याबाईंना सगळं सांगितलं.

“राहू दे,” आत्याबाई म्हणाल्या. “तुला आळशी म्हणायचं ते मी म्हणेन. सासू आहे ना मी? ते काम मावशीला कुणी दिलं?”

मंजिऱ्या फुलल्या. दोन माश्या आल्या, घिरट्या घालून निघून गेल्या. एवढ्याशा तुळशींसाठी अख्खं पोळं कशाला हलेल? आणि वेलांवर आता शेवटचा बहर उरला होता.

संध्याकाळी सगळ्या बाया आपापल्या बांधावर मंजिऱ्या खुडत होत्या. सगुणा बांधावर चढली.

“बायांनो,” ती म्हणाली. कुणाला ऐकूच गेलं नाही.

“अहो बायांनो, मंजिऱ्या राहू द्या. थोडे दिवस. माश्या येत नाहीत, म्हणून भोपळे गळतायत. आमच्या आत्याचं बी संपून जाईल.”

कुणीतरी फिसकन हसलं. खुडणारे हात चालूच राहिले. सगुणाला वाटलं, घरात जाऊन दार लावून घ्यावं. पाऊल मागे वळलंसुद्धा. मग गळलेल्या भोपळ्यांत बी शोधणाऱ्या आत्याबाई तिच्या डोळ्यांपुढे आल्या, आणि तिसऱ्यांदा तिने अशी हाक मारली की त्या आवाजाने तिची तीच दचकली.

“मावशी, तुम्ही तरी ऐका.”

बाया वळून बघायला लागल्या. ठकूमावशीचा हात मंजिरीवर थबकला. मग तिने मूठ उघडून खाली पाहिलं.

“माझेपण गळतायत गं,” ती पलीकडून म्हणाली. “मला वाटलं, माझ्याच हाताला गुण नाही. लोक काय म्हणतील म्हणून गुपचूप पुरत होते. किती दिवस राहू द्यायच्या म्हणालीस?”

तात्पर्य इतकंच: मनाला खटकलं ते भीत भीत का होईना, मोठ्याने बोलावं, कारण शेजारीही तेच दुःख आपला एकट्याचा दोष समजून लपवत असतो.