मौनाची खोली

"मग मी लिहायचं कधी?" विश्राम केळुसकरने विचारलं.

 मठाच्या पडवीत चटईवर आमसुलं वाळत घातली होती. मठ सांभाळणाऱ्या दुर्गाक्का त्यातलं एकेक उचलून उलटत होत्या. म्हाताऱ्या बोटांना लाल रस लागला होता.

"बायको इस्पितळात नर्स आहे. तिची ड्यूटी कधी सकाळची, कधी रात्रपाळी. म्हणजे पोरगी माझ्याकडे. तिचा डबा, तिचा अभ्यास, तिचे प्रश्न... त्यातून उरलेला वेळ लोकांच्या गौरवग्रंथांत जातो. कुणाची पंचाहत्तरी, कुठल्या पतपेढीची स्मरणिका. पोट भरतं, अक्का. मन भरत नाही."

"हं."

"माझी कादंबरी वाचलीत तुम्ही."

"वाचली. चांगली आहे."

"त्यानंतर ही पोरगी झाली. मग काहीच झालं नाही."

हे वाक्य त्याच्या तोंडात बसलेलं होतं. गावात कुणी विचारलं, दुसरं पुस्तक कधी, तर तो बोट धरून उभ्या असलेल्या मुलीकडे बघून हसायचा. विचारणारा समजून घ्यायचा. वर हळहळायचाही.

अक्कांनी आणखी एक आमसूल उलटलं.

"काय हवंय तुला?"

"ती टोकाची खोली द्या. पावसाळाभर. मौनासाठीच बांधलीय ना ती? चैत्रालीला बेळगावला बहिणीकडे ठेवतो. पहिलं सत्र तिकडच्या शाळेत करील. मी कादंबरी संपवतो आणि तिला घेऊन येतो."

"तिला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? आत्ताशी तिसरी झालीय."

"आहे कुठे ती?"

"बाहेर, पायरीवर बसवलीय." विश्राम जरासा सैलावला. "बघा, तुम्हाला कळलंसुद्धा नाही. मी कामात असलो की ती हूं की चूं करत नाही. एवढं वळण लावलंय मी तिला."

अक्कांचा हात थांबला.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

त्याच वेळी दारात सावली पडली. चैत्राली उंबऱ्याबाहेर उभी होती. दोन्ही हात तोंडावर दाबलेले, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी.

"काय गं बाळा?" अक्का म्हणाल्या.

मुलीने आधी बापाकडे बघितलं. मग हात थोडे बाजूला करून कुजबुजली, "आजी, मला खोकला येतोय. इथे खोकू, की लांब जाऊ?"



विश्राम हसायला गेला. ते जमलं नाही.

"खोक की," अक्का म्हणाल्या. "खोकायला काय विचारायचं?"

ती वळून भिंतीकडे तोंड करून खोकली. दबून, घशातल्या घशात. अक्कांनी तांब्या पुढे केला. ती पाणी प्यायली.

"घरी कुठे जातेस खोकायला?"

"मोरीत. नळ सोडते."

"नळ कशाला?"

"मग ऐकू जात नाही."

"आणि शिंक आली तर?"

"नाक दाबून धरते. कधी कधी जाते तशीच."

तिने तक्रार केली नव्हती. शाळेतल्या बाईंना धडा सांगावा तसं सांगितलं होतं.

"बाबा लिहीत असतात ना तेव्हा," तिने समजावलं.

"काय लिहितात गं बाबा?"

"कादंबरी. पण ती होत नाहीये." ती क्षणभर थांबली. "माझ्यामुळे."

विश्रामने मान खाली घातली. चटईच्या कडेला सुटलेला एक धागा तो बघत राहिला. वर बघितलं असतं तर मुलगी दिसली असती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नसता. तेच त्याला नको होतं.

अक्का उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, वेळ घेत. कोनाड्यातली किल्ली काढली आणि पडवीच्या टोकाला जाऊन ती खोली उघडली.

"ये इकडे. ही खोली बघ. इथे माणसं गप्प बसायला येतात."

"मी बसेन गप्प," चैत्राली म्हणाली.

"तू नाही. तुला दिलीय ती आवाज करायला. आतून कडी लाव. खोक, ओरड, गा, भिंती बडव. आमची काही अडचण नाही."

चैत्राली बापाकडे बघत राहिली. विश्रामला मान हलवावी लागली. तेव्हा कुठे ती आत गेली. कडी लागली.

अक्का परत येऊन चटईपाशी बसल्या.

आतून काहीच ऐकू येईना...

मग एक खोकला. एकच. त्यानंतर बराच वेळ शांतता. कुणी येतंय का, याची ती वाट बघत असावी. कुणी आलं नाही. मग ती मोकळी खोकली, छातीतून, दोनदा, चारदा, खोकला संपल्यावरही उगाच. मग शाळेतली कविता, फार वरच्या पट्टीत. मग भिंतीवर थापा.

आणि मग ती कुणाशी तरी बोलायला लागली. ऐकल्यावर कळलं, एका खेकड्याशी.

"तिरका चालू नकोस. सगळे बघतायत."

खेकडा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी सरळच चालतोय. तुमचा रस्ता तिरका आहे."

यावर ती स्वतःच हसली. पोट धरून हसावं तशी.

विश्रामने मान वर केली. हे हसू त्याने कधी ऐकलं नव्हतं. तो खेकडा त्याला ठाऊक नव्हता. त्याच्याच घरात, नळाच्या धारेखाली, हे सगळं कधीपासून चाललं होतं कोण जाणे.

"दिवाळीत ही मामाकडे होती ना?" अक्कांनी विचारलं.

"होती. सुटीभर."

"मग घर रिकामं मिळालं असेल."

"...हो."

"किती झालं लिहून?"

  आत खेकड्याला कुणीतरी शाळेत नेऊन बसवत होतं.

"काही नाही झालं," शेवटी विश्राम म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की अक्कांना पुढे वाकावं लागलं. "टेबल पुसलं. खिडकी लावली, उघडली. कागदापुढे बसलो आणि उठलो. रोज. एक ओळ आली नाही, अक्का. घरात चिटपाखरू नव्हतं आणि एक ओळ आली नाही."

"मग?"

"मग ती परत आली. बॅग घेऊन दारात उभी होती. मी म्हटलं, आला पुन्हा गोंधळ."

त्याने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं.

"मला सुटल्यासारखं वाटलं होतं. ती आली म्हणून... न लिहिण्याचं कारण परत आलं म्हणून."

"हे कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"बायकोला?"

"नाही."

"तिला?" अक्कांनी खोलीच्या दिशेने हनुवटीने खूण केली.

त्याने मान हलवली. नाही.

"मग सांग."

"तिला? ती लहान आहे."

"'माझ्यामुळे होत नाही' हे कळायला पुरेशी मोठी होती ती."

 विश्राम उठला. पडवीतून चालत टोकाच्या खोलीपाशी गेला आणि दारावर हात उचलला. हात तसाच राहिला. दारावर टकटक कशी करायची हे त्याला ठाऊक होतं. पण घरात हे काम नेहमी तिचं होतं, आणि हल्ली तीही करत नसे.

त्याने दार वाजवलं. हळूच.

आतला गोंधळ एकदम थांबला.

"कोण आहे?"

मोठा, खणखणीत आवाज. खेकड्याला दरडावणारा.

बाबा, एवढंच म्हणायचं होतं.  पण त्याने मागे वळून बघितलं.

"अक्का... काय म्हणू? सुरुवात कुठून करू?"

दुर्गाक्का आमसुलं उलटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"हं," त्या म्हणाल्या, "लिहायचं कधी, विचारलंस ना? आता लिही."