डाव्या खांद्यावरची वेणी

"मग सर, चुकलं कुठं माझं?"

हळबे सर पावटे सोलत होते. निवृत्तीनंतर त्यांच्या हातांना सतत काहीतरी लागतं.

वृंदा त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता त्याच कॉलेजात, त्याच खोलीत ती भूगोल शिकवते. चांगलं शिकवते, आणि हे तिला पक्कं माहीत आहे.

"वर्गातला वायफाय आता आमच्या हातात दिलाय," ती म्हणाली. "फोनवर बटण दाबलं, की वर्गाचं नेट बंद. त्या दगडी भिंतींत मोबाइलला रेंज नाहीच. पोरं मुकाट समोर बघतात."

"तुझ्याकडे?"

"...समोर बघतात."

सरांनी एक किडका दाणा बाजूला टाकला.

"एक तुषार देवकाते तेवढा ऐकेना. नेट चालू केलं, की मागं बसून कुस्त्या बघायचा. त्याच्या एकट्याचं कनेक्शन मी वर्षभरासाठी तोडलं, तर त्यानं कॉलेजच सोडलं. वडील नाव काढायला आलेत. प्राचार्य म्हणतात, कनेक्शन परत द्यायचं का ते तुम्ही ठरवा." तिचा आवाज चढला. "शिस्त नको का, सर?"

"हवी की."

"बघा!"

सरांनी पुढची शेंग उचलली.

"तुझी वेणी लांब होती तेव्हा."

वृंदाला हसू आलं. "कुठल्या कुठं गेलात, सर!"

"कसोटी सामना असला, की ती डाव्या खांद्यावरून पुढं यायची."

तिचं हसू थांबलं. हात आपोआप डाव्या कानाकडं गेला. आता तिथं आखूड, पिकलेले केस होते.

"तुम्हाला... माहीत होतं?"

"भावाचा ट्रान्झिस्टर ना? कानातली वायर पांढरी, केस काळे. न दिसायला काय झालं?"

दुपारी त्या खोलीत उन्हाचा पट्टा थेट फळ्यावर यायचा. खडूची धूळ त्यात तरंगत राहायची. आपला गडी बाद झाला की वृंदाच्या तोंडून "अरेरे" निघायचं. सर नकाशाकडं बघतच म्हणायचे, "हो, वाईट झालं." आणि पुढं शिकवायचे. सर अगदीच भोळे आहेत, असं तिला वाटायचं.

"मग काढून का नाही घेतलात?"

"आपण हरलो आणि तू बाकावर डोकं ठेवून रडलीस, त्या दिवशी मी काय शिकवत होतो?"

"नदीची वळणं." तिला आठवावंही लागलं नाही. तिनं पावट्याच्या शेंगा फरशीवर वाकड्या मांडल्या. "बाहेरचा काठ नदी खाते. आतल्या काठाला गाळ टाकते. तुम्ही कृष्णेचं वळण काढलं होतं, स्मशानाजवळचं. खडू मोडला होता तुमचा."

"रडत होतीस ना?"

"हो."

"ट्रान्झिस्टर चालू होता ना?"

"होता... या कानात."

तिनं मांडलेल्या शेंगा न विस्कटता सरांनी बाजूची एक उचलली.

वृंदानं फोन हातात घेतला. तुषारच्या नावापुढच्या बटणावर बोट नेलं. ते तिथंच थांबलं.

"पण सर, त्याचं तर सगळं लक्ष तिकडंच असतं हो."

सर शेंग सोलत म्हणाले,

"तुझा एक कान मोकळा होता, वृंदा. मला तेवढा पुरला."