सोनाईचा नावेक

फार वर्षांपूर्वी, नावथडीच्या नदीवर पूल नव्हता तेव्हा, एका शब्दापायी सोनाईची झोप उडाली होती. तिची तानी पोथी ऐकून आली आणि विचारत सुटली, "आई, नावेक म्हणजे काय?" "जरा थांब, सांगते," म्हणत सोनाई तिला टोलवतच राहिली.

कारण गाव नावाड्यांचं. पोथीतला ऋषी नदीकाठी वीराला म्हणतो, 'नावेक राहें वीरा, मग उतरीं पैलतीरा.' नावाड्यांच्या कानांना त्यात 'नाव एक' असं ऐकू आलं. पाण्यावर एका वेळी एकच नाव राहावी, ही पोथीची आज्ञाच ठरली, बाकीच्या खुंटाला बांधलेल्या. सोनाईचे आबा माहेरी पोथी वाचायचे. त्यांनी वेगळा अर्थ सांगितला होता. पण सारं गाव एकीकडे नि आपण एकटी शहाणी? आबांचं आपण नीट ऐकलं तरी होतं का?

अशात एके दिवशी पोरं बेटावरच्या कलिंगडांच्या वाडीत गेली, तानीही गेली, आणि वर कुठेतरी आभाळ फाटलं. नदी फुगली, बेट आक्रसू लागलं. एक नाव सुटली, पण तिच्यात मावून मावून किती मावणार? दुसरीला हात लावायला कुणी धजेना. नावाड्यांचा म्होरक्या बाळोजी, सोनाईचा सासरा. नात बेटावर, तरी त्याचा हात उठेना.

"मामंजी," सोनाई म्हणाली, "नावेक म्हणजे एक नाव नव्हे. नावेक म्हणजे क्षणभर. क्षणभर थांब नि मग उतर, एवढंच ऋषी म्हणतो."

"आणि चुकलीस तर, सूनबाई?"

"मी नेहमीच चुकते. एवढं चुकले नाही. दोर सोडा."

असं म्हणतात, ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि नदीलाच म्हणाली, "नावेक राहें." आणि नदी राहिली. उठलेली लाट उठलेलीच, फेस जागच्या जागी. तो क्षण किती लांब होता, कुणालाच सांगता आलं नाही. पण गावातल्या झाडून साऱ्या नावा गेल्या, पोरांना घेऊन आल्या, आणि म्हणतात, चार कलिंगडंही घेऊन आल्या. शेवटची नाव काठाला लागली, तेव्हा कुठे नदीनं श्वास सोडला आणि बेट गिळलं.

आज पूल आहे. तरी नावथडीत पोथी त्या ओवीवर आली की वाचणारा थांबतो. जमलेल्यांतलं सर्वांत लहान पोर अडलेला शब्द विचारतं, आणि अर्थ सांगितल्याशिवाय पान उलटत नाही. त्या थांबण्याला तिथे सोनाईचा नावेक म्हणतात.

आणि तानी? ती नावेतून उतरली, तेव्हा नावेकचा अर्थ तिला साऱ्या काठानं ओरडून सांगितला होता. तिनं आईच्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाली, "म्हणजे तू रोज म्हणतेस ते 'जरा थांब'च ना? मग ते सांगायला एवढे दिवस कशाला थांबवलंस?"